भिंतीमागचा माणूस

"डीजे किती वाजता येणार?" लग्नघरात हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात कुणी माणूस नसतो. ट्रॉलीवर रचलेले बेस, त्यांच्यावर टॉप, मागच्या टेम्पोत धडधडणारा जनरेटर आणि वर गरगरणारे दिवे, हा सगळा डोलारा म्हणजे डीजे. तो लागतो, तो बंद पडतो, पोलिसांनी धरला की जप्त होतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे तर त्याला डॉल्बीच म्हणतात. वास्तविक डॉल्बी हे रे डॉल्बी या अभियंत्याचं आडनाव. त्यांनी १९६५ मध्ये काढलेल्या कंपनीचं पहिलं मोठं काम होतं ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याचं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींशी त्या कंपनीचा काही संबंध नाही.

नावांच्या या गोंधळात माणूस हरवला. ट्रॉलीच्या एका कोपऱ्यात, लॅपटॉपच्या निळ्या उजेडात विशी-बाविशीतला एक मुलगा उभा असतो. कोणतं गाणं कधी सोडायचं, किती वाजवायचं, पोरं दमली की लय कुठे खाली आणायची, हे सगळं तो ठरवतो. मिरवणूक गाजली तर नाव मंडळाचं होतं. आवाजाची मर्यादा मोडली म्हणून गुन्हा नोंदवला गेला तर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांबरोबर साऊंडवाल्याचंही नाव येतं आणि कर्जावर घेतलेलं साहित्य पोलीस ठाण्याच्या आवारात पावसात भिजत पडतं. सहा तास गर्दी पेलून धरणाऱ्या त्या मुलाचं नाव गर्दीतल्या कुणालाच ठाऊक नसतं.

डीजे होऊ पाहणाऱ्या मुलामुलींची आज गावोगाव कमतरता नाही. त्यांना घरातून विरोध होतो, त्यामागेही बहुतेकदा हीच भिंत असते. आईवडिलांना दिसतो तो गोंगाट, दारू, रात्रीची जागरणं आणि पोलीस. पण डीजेचं काम कानावर चालतं, निवडीवर चालतं, आणि समोरच्या माणसांकडे नीट पाहण्यावर चालतं. ज्याला ते साधलं त्याला या धंद्यात स्वतःचं नाव मिळवता येतं. ज्याने नुसत्या भिंती वाढवल्या तो भाड्याच्या साहित्याचा रखवालदार राहतो.

या कलेचा जन्मच मुळी निरीक्षणातून झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीच्या तळमजल्यावरच्या सभागृहात एक छोटी पार्टी झाली. भरवली होती सिंडी कॅम्पबेल या मुलीने. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला तिला पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास सेंट असं तिकीट तिने लावलं आणि तबकड्या वाजवायला उभं केलं आपल्या भावाला. तो भाऊ म्हणजे जमैकातून आलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, जगाला पुढे माहीत झालेला कूल हर्क. हर्कचे स्पीकर मोठे होते, दणदणीत वाजत, यात शंका नाही. पण मोठे स्पीकर त्या शहरात इतरांकडेही होते. हर्कच्या लक्षात आलं ते वेगळंच. गाणं सुरू असताना नाचणारी मुलं थोडी रेंगाळतात, आणि गायक थांबून नुसता ठेका सुरू झाला की तुटून पडतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या आणि ठेक्याचा तो काही सेकंदांचा तुकडा या तबकडीवरून त्या तबकडीवर उडी मारत मिनिटामिनिटांचा केला. हिप-हॉप नावाचा अख्खा संगीतप्रकार त्यातून उभा राहिला.

त्याच वस्तीतला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. तो तबकडीवर रंगीत खडूने खुणा करी, म्हणजे ठेका कुठे सुरू होतो ते डोळ्यांनी दिसे. आणि थिओडोर लिव्हिंग्स्टन या बारा-तेरा वर्षांच्या मुलाची गोष्ट तर प्रत्येक आईने ऐकावी अशी आहे. १९७५ च्या सुमारास तो खोलीत मोठ्याने गाणी लावून बसला होता. आई दारात आली आणि आवाज कमी कर म्हणून रागावली. तिचं ऐकता ऐकता त्याने फिरती तबकडी हाताने धरून ठेवली आणि नकळत मागेपुढे हलवली. कानातल्या हेडफोनमध्ये जो घासल्याचा आवाज आला तो त्याला आवडला. त्यावर त्याने पुढे बरेच दिवस सराव केला. आज जगभर ज्याला स्क्रॅच म्हणतात ती करामत अशी सापडली.

आपल्याकडेही ही परंपरा वाटते तितकी नवी नाही. १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानी यांनी पुढची चार दशकं दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी गायलेली गाणी अशा क्रमाने आणि अशा जिव्हाळ्याने ऐकवली की श्रोते ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी रेडिओभोवती जमत. गाणं कधी आणि कशानंतर ऐकवावं, ही स्वतंत्र कला आहे याचा तो पहिला मोठा पुरावा. 

मुंबईतल्या चरणजित सिंग यांचं उदाहरण त्याहून विलक्षण. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस. १९८२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रं जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि एचएमव्हीने त्याची तबकडी काढली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही. याच टीबी-३०३ च्या आवाजावर उभं राहिलेलं ॲसिड हाऊस हे संगीत शिकागोत गाजलं ते १९८७ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. पुढे एका डच संग्राहकाला ती जुनी तबकडी दिल्लीत सापडली, २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि सत्तरी गाठलेल्या चरणजित सिंग यांना युरोपातल्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले. आपल्या शहरातल्या या माणसाची ओळख आपल्याला परक्यांनी करून द्यावी लागली, ही मराठी संगीतरसिकांना लागायला हवी अशी गोष्ट आहे.

गोव्यात हणजुणेच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत रात्र रात्र चालणाऱ्या नाचातून 'गोवा ट्रान्स' नावाची शैली निघाली. उन्हाने तबकड्या वाकत, म्हणून तिथले डीजे कॅसेट आणि डिजिटल टेप वापरत. सॅन फ्रान्सिस्कोहून आलेला आणि २०२३ मध्ये गोव्यातच निवर्तलेला गोवा गिल चोवीस चोवीस तास वाजवत असे. २००७ मध्ये कांदोळीला सनबर्न महोत्सव सुरू झाला आणि मधल्या काळात तो काही वर्षं पुण्यातही झाला. तिकीट काढून हजारो लोक गायकाला नव्हे, डीजेला ऐकायला जातात हे मराठी घरांना तेव्हा कळलं.

आणि २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' आलं. क्रेटेक्स या नावाने वाजवणारा कृणाल घोरपडे आणि गायक श्रेयस सागवेकर यांचं हे मराठी गाणं स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केलं. जगातल्या नामवंत डीजेंची गाणी काढणारी ही कंपनी. क्रेटेक्सचं मोठेपण असं की त्याने परदेशी वाटावं म्हणून मराठी पुसली नाही. रांगडे मराठी शब्द, आपली बोलण्याची ढब आणि हाऊस संगीताचा एकसारखा चालणारा ठोका यांची त्याने मोट बांधली. दुसऱ्याच्या गाण्यांवर हात बसवायचा आणि मग स्वतःचं गाणं करायचं, हा या धंद्यातला खरा चढता रस्ता आहे. तो मराठीतूनही पार करता येतो, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

मग शिकायचं काय? इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण क्लास लावणाऱ्या मुलांची सर्वात जास्त फसगत याच प्रश्नावर होते.

यंत्र शिकायला फार दिवस लागत नाहीत. १९७२ मध्ये टेक्निक्स कंपनीचं एसएल-१२०० हे तबकडीयंत्र आलं, २००१ मध्ये पायोनियरचं सीडीजे-१००० आलं, आणि आता दुचाकीपेक्षा कमी पैशांत येणारा एक छोटा कंट्रोलर, लॅपटॉप आणि व्हर्च्युअल डीजे, सेराटो किंवा रेकॉर्डबॉक्स यांपैकी एखादं सॉफ्टवेअर एवढ्यावर घरात सराव सुरू होतो. पूर्वी दोन गाण्यांचे ठेके कानाने जुळवायला महिनोन्‌महिने जात. आज सिंक नावाचं बटण ते काम क्षणात करतं. नवी सॉफ्टवेअर चालू गाण्यातून गळा आणि ठेका वेगळे काढून देतात. त्यामुळे दोन गाणी एकमेकांत मिसळली म्हणून कुणी डीजे ठरत नाही.

तरीही कान लागतोच. हाऊसचा ठोका मिनिटाला एकशेवीस ते एकशेतीसच्या दरम्यान, घड्याळासारखा नेमका चालतो. पण साठ-सत्तरच्या दशकांतली हिंदी आणि मराठी गाणी माणसांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. त्यांची लय श्वासासारखी किंचित मागेपुढे होते. यंत्र तिथे गोंधळतं आणि दोन ठेके एकमेकांवर ठेचकाळू लागतात. केरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. कित्येक कोळीगीतं होडीसारखी सहाच्या हिंदोळ्यावर डुलतात. त्यातून चाराच्या सरळ ठोक्यावर यायचं तर मध्ये एखादा पूल बांधावा लागतो. कधी नुसती हलगी, कधी क्षणभर शांतता. ज्याने घरातल्या तबल्यावर, भजनी मंडळात पखवाजावर, बेंजो पार्टीत किंवा ढोल-ताशा पथकात हात चालवला आहे, त्याला हा पूल लवकर सापडतो. आपल्या मुलांकडे हे भांडवल जन्मापासून आहे आणि क्लासमध्ये गेल्यावर ती ते विसरून जातात, याचं वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट क्रमाची. तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग असा क्रम आहे. मैफल भैरवीने संपते. ऐकणारा हळूहळू तापतो आणि त्याला अलगद खाली उतरवावं लागतं, हे आपल्या कलावंतांना शतकानुशतकं ठाऊक आहे. नवा डीजे मात्र पहिल्या दहा मिनिटांत हुकमी गाणी उधळून बसतो. मग उरलेल्या वेळात त्याच्या हातात आवाजाचं बटणच तेवढं राहतं आणि ते तो पिळत जातो. भिंती उंच होण्यामागचं एक मोठं कारण हे आहे. ज्याला क्रम कळतो त्याला आवाज वाढवावा लागत नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. ठाणे, रायगड, पालघर पट्ट्यात आगरी-कोळी समाजात हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी असते. तिथे धवलारीण धवले गात असते तेव्हा डीजेने आवाज पूर्ण बंद करायचा असतो. तिचं गाणं संपल्यावर पहिलं गाणं कोणतं लावायचं यावर त्या रात्रीचा नूर ठरतो. आज्या, काकवा, नवरीच्या मैत्रिणी, गावाहून आलेले पाहुणे, यांतला प्रत्येकजण निदान एकदा उठून नाचला पाहिजे, हे ज्याला साधतं त्याला पुढच्या वर्षीच्या हळदीची सुपारी त्याच मांडवात मिळते. चौदा एप्रिलच्या रात्री भीमगीतं वाजवणाऱ्याला शिंदे घराण्याची गायकी आणि वामनदादा कर्डकांचं नाव माहीत नसेल तर त्याने त्या ट्रॉलीवर चढू नये. गाण्यामागचा समाज ठाऊक असणं हे या कामातलं अर्धं शिक्षण आहे, आणि ते कुठल्याही क्लासच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

आता पैशांकडे येऊ. महोत्सवाच्या मंचावर पोहोचणारे मोजके. आपल्याकडे बहुतेकांची चूल लग्नं, हळदी, वाढदिवस, कंपन्यांचे कार्यक्रम, हॉटेलं आणि क्लब यांवर पेटते, आणि त्यात कमीपणा काही नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, ते आषाढाच्या तोंडाशी थांबतात. चातुर्मासात लग्नं नाहीत. मध्ये गणपती आणि नवरात्र. म्हणजे वर्षातले काही महिने हातात रोख येते आणि काही महिने काहीच येत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. ज्याने मिळकतीच्या महिन्यांत नव्या बेसचा हप्ता डोक्यावर घेतला तो पावसाळ्यात अडकतो. ज्याने पावसाळ्याचे महिने नवं शिकायला, गाण्यांचा साठा लावायला आणि स्वतःची रचना करायला वापरले तो पुढे सरकतो.

सुपारी तोंडी घेण्याची जुनी रीत मात्र मोडायला हवी. इसार किती, वेळ कधी संपणार, वाढीव तासाचे पैसे कुणी द्यायचे, परवानगी कुणी काढायची, आवाज किती असेल, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घ्यायला पाच मिनिटं लागतात. रात्री एक वाजता नवरदेवाचे मित्र "अजून एक गाणं" म्हणून अंगावर येतात तेव्हा ते पान कामी येतं.

गाण्यांच्या हक्कांचा भाग तर बहुतेक नवे डीजे डोळ्यांआडच ठेवतात. २००२ हे वर्ष आठवावं. त्या वर्षी 'काँटा लगा'चं रीमिक्स घराघरांत पोहोचलं. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी' चित्रपटातलं, राहुल देव बर्मन यांनी बांधलेलं, लता मंगेशकरांनी गायलेलं. त्याच वर्षी अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' गाजलं. निर्माता डीजे क्विकने त्यात 'ज्योती' चित्रपटातल्या बप्पी लाहिरींच्या 'थोडा रेशम लगता है' या गाण्यातला लताबाईंचा आवाज न विचारता वापरला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय ती तबकडी विकण्यास अमेरिकेतल्या न्यायालयाने मनाई केली. न विचारता वापरलेली सुरावट किती महाग पडू शकते, हे तेव्हा संगीताच्या सगळ्या धंद्याला कळलं.

आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिमुद्रित गाणी वाजवायची तर हक्कधारकांचा परवाना लागतो, आणि फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड तसंच इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी या त्यातल्या मोठ्या संस्था. धार्मिक विधी आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांना कायद्याच्या ५२ व्या कलमात सूट आहे. पण ती सूट नेमकी कुठवर पोहोचते यावर वाद सुरू आहे. लग्नसमारंभांत परवान्याची गरज नाही, असं सांगणारं परिपत्रक गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलं, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केलं. त्यामुळे हॉटेलातल्या संगीत-रजनीचा परवाना यजमान काढणार, हॉटेल काढणार की डीजे, हे आधीच ठरवून घेणं शहाणपणाचं. आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा जो हक्क दिला, त्याचा लाभ स्वतःची रचना करणाऱ्यालाच होतो. दुसऱ्याच्या गाण्यावर ठोका चढवून इंटरनेटवर टाकणाऱ्याला टाळ्या मिळतात, हक्क मिळत नाही, आणि तक्रार झाली की ती फाईल काढूनही टाकली जाते.

राहिला आवाज. यावर गोलमोल बोलण्यात अर्थ नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळ्या जागेत ध्वनिवर्धकाला मनाई आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या नियमांवर शिक्कामोर्तब केलं. २०१८ च्या गणेशोत्सवात डीजेवरची बंदी उठवावी म्हणून साऊंड व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिलाही तातडीचा दिलासा मिळाला नाही. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीचा आवाज मोजतात. अलीकडच्या वर्षांत तो १०० डेसिबलच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. डेसिबलची मोजपट्टी साधी चढत नाही, दर दहाला ध्वनीची शक्ती दहापट होते. ५५ आणि १०० यांतला फरक तीस हजार पटींहून अधिक आहे. रस्त्याकडेच्या घरात पलंगावर पडलेल्या हृदयरुग्णाला, तान्ह्या बाळाला, परीक्षेला बसलेल्या मुलीला तो सगळा सोसावा लागतो. ही त्यांची कुरकुर नव्हे, हा त्यांचा हक्क आहे, आणि डीजे म्हणवणाऱ्याने त्यांची बाजू सर्वांत आधी घेतली पाहिजे.

कारण पहिला बळी तोच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी जो मानदंड घालून दिला त्यात सरासरी आवाज १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. कामगारांच्या आरोग्यासाठी अमेरिकेत वापरला जाणारा हिशेब सांगतो की ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात, १०० डेसिबल फक्त पंधरा मिनिटं. भिंतीला पाठ लावून सहा तास उभ्या राहणाऱ्या मुलाच्या कानांचं काय होत असेल? आधी काही तास कान बधिर होतात. मग कानात शीळ वाजू लागते, ती सकाळी थांबते. एके दिवशी ती थांबत नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि ज्याचा धंदा कानावर चालतो त्याच्यासाठी तो धंद्याचा शेवट असतो. कानात घालायचे चांगले बोळे एका केबलच्या किमतीत येतात. ते न घालणं ही मर्दुमकी नव्हे.

रात्रीच्या कामाची दुसरी बाजूही मुलांना स्पष्ट सांगायला हवी. स्वीडनचा डीजे अविची कोवळ्या वयात जगातल्या सगळ्यात मोठ्या मंचांवर पोहोचला. सततचे दौरे, अपुरी झोप, दारू आणि आजारपण यांनी पिचून त्याने २०१६ मध्ये दौरे थांबवले आणि एप्रिल २०१८ मध्ये मस्कतमध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. यश पुरेसं नव्हतं म्हणून तो खचला असं कुणी म्हणू शकणार नाही. इथे गावच्या वरातीत वाजवणाऱ्या मुलालाही रोज रात्री कुणीतरी ग्लास पुढे करतं. नाही म्हणायची सवय पहिल्या सुपारीपासून लावली तरच लागते.

मुलींचा रस्ता याहून खडतर. यंत्रासमोर उभी राहिलेली मुलगी दिसली की हिला वाजवता येतं का, हे तपासायला चार जण पुढे येतात, मुलाला तसं कुणी तपासत नाही. घरी परतायला पहाट होते. आयोजकांनी तिच्या सुरक्षित प्रवासाची सोय करणं हा उपकार नव्हे, ती कार्यक्रमाच्या खर्चातली एक साधी बाब आहे. हिप-हॉपची पहिली पार्टी भरवणारी, तिकिटाचा दर ठरवणारी सिंडी ही मुलगीच होती, हे अशा आयोजकांनी लक्षात ठेवावं.

वायरमनला, मोटार मेकॅनिकला, वेशभूषाकाराला आपण प्रशिक्षण देतो, प्रमाणपत्र देतो. ज्याच्या हातात हजारो माणसांचे कान असतात त्याला मात्र कुणीही, काहीही न शिकता, भाड्याने यंत्र घेऊन उभं राहू देतो. राज्याचं स्वतंत्र कौशल्य विद्यापीठ आहे, तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. ध्वनीची मोजणी, विजेची सुरक्षितता, स्पीकरची मांडणी, कायदा, गाण्यांचे हक्क आणि लय-तालाची ओळख असा सहा महिन्यांचा परवडणारा अभ्यासक्रम सातारा, नांदेड, जळगाव, चिपळूण इथे सुरू करणं अवघड नाही. डीजे म्हटलं की आजवर राज्याने बंदीचा विचार केला. शिकवण्याचा करून पाहावा. 

आणि मंडळांनी, लग्नघरांनी, हॉटेलवाल्यांनी आजपासूनच एक करावं. पुढची सुपारी ठरवायला बसाल तेव्हा बेस किती आणि टॉप किती हे विचारण्याआधी वाजवणार कोण ते विचारा. त्याचं नाव, थांबायची वेळ आणि आवाजाची मर्यादा पावतीवर लिहा, आणि पत्रिकेत, फलकावर, मंडपाच्या दारात जिथे सगळ्यांची नावं छापता तिथे त्याचंही छापा.